दुपारची पाळी

दुपारपर्यंत लेख पोचता करायचा होता आणि लेखाला फोटो नव्हता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती दर आठवड्याला एक सदर लिहायची. उपयोगी वेबसाइट्स, फोनमधल्या माहीत नसलेल्या सोयी, साध्या फोनवर चांगला फोटो कसा काढावा, असं काहीबाही. लिहिणं सोपं, बोलल्यासारखं. वाचकांची पत्रं यायची, तुमच्यामुळे नातवाशी व्हिडिओवर बोलता आलं, लग्नातले जुने फोटो सापडले. वाचणाऱ्यांना वाटायचं, बाई मोठी तरतरीत असणार, गळ्यात कॅमेरा अडकवून गावोगाव हिंडत असणार. खरं म्हणजे गेली तीनेक वर्षं ती औषधाच्या दुकानापलीकडे गेली नव्हती.

आईला झटका आला तेव्हापासून हे असं होतं. आईची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेल्यात जमा झाली. ‘पाणी’, ‘नको’, ‘दुखतं’ असे मोजकेच शब्द उरले, तेही ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचे. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दिवसरात्र ठरावीक वेळाने कुशीवर वळवावं लागे. वळवायचं, पुसायचं, पावडर लावायची, भरवायचं, पुन्हा वळवायचं. रात्री गजर लावून उठायचं. कामाला ठेवलेल्या बायका महिनाभर टिकत नसत. धाकटा भाऊ दूरच्या शहरात बायकामुलांसह राहायचा. तो फोनवर रोज विचारायचा, “ताई, बरी आहेस ना?” आणि ती रोज म्हणायची, “बरी आहे.” तिचे डोळे सदा चुरचुरायचे. बोलता बोलता वाक्याचा शेवट हरवायचा. चहा करायला ठेवून ती भिंतीला टेकून उभी राही आणि पातेलं करपल्याच्या वासाने जागी होई.

त्या आठवड्याचा विषय होता कमी उजेडातले फोटो. फ्लॅश मारू नका, त्याने चेहरे पिठासारखे येतात. दाराच्या चौकटीला खांदा टेकवा, कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास सोडून मग हलकेच बटण दाबा. हे सगळं लिहून झालं होतं. नमुना म्हणून एक फोटो हवा होता, आणि कमी उजेडाची खोली शोधायला तिला लांब जायचं नव्हतं. झटक्यानंतर आईला उजेड सहन होत नसे, म्हणून तिच्या खोलीचे जाड पडदे दिवसाही ओढलेले असत.

ती दारात उभी राहिली. आई डोळे मिटून पडली होती. खोलीत जंतुनाशकाचा, पावडरीचा आणि बंद हवेचा ओळखीचा वास होता. चौकटीला खांदा टेकवून तिने फोटो काढला. तो जवळजवळ काळाच आला.

एका वाचकाने मागे एका वेबसाइटचा पत्ता कळवला होता. अंधारातले फोटो उजळून देते, एकदा बघाच, असं त्याचं म्हणणं. तिने ती उघडली. पान अगदी साधं होतं. ना जाहिराती, ना नाव नोंदवायची भानगड. मधोमध एक चौकोन, त्यात फोटो टाकायचा आणि थांबायचं. तिने फोटो टाकला, आणि थांबता थांबता टेबलावरच तिची मान कलली. डोळे उघडले तेव्हा फोटो तयार होता. पलंग, औषधांचं स्टूल, पडद्याच्या चुण्या, आईच्या कपाळावरची शीर, सगळं स्पष्ट दिसत होतं. पलंगाच्या पलीकडे वेताच्या खुर्चीत कपड्यांचा ढीग होता. धुतलेले कपडे ती तिथेच टाकत असे. तिने नीट पाहिलंही नाही. लेखाला जोडून पाठवून दिला.

थोड्या वेळाने पुरवणीच्या संपादकाचा फोन आला. हा तिच्यापेक्षा बराच तरुण, सदैव घाईत असलेला माणूस.

“मॅडम, फोटो झकास आलाय. कुणी काढला?”

“मीच.”

“तुम्ही कशा? तुम्ही तर खुर्चीत बसलाय.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“टायमर लावला असेल ना? मग तेही लिहा दोन ओळीत. लोकांना टायमर कुठे आहे तेच सापडत नाही.”

“लिहिते,” ती म्हणाली.

फोन ठेवून तिने फोटो मोठा केला. खुर्चीत कपडे नव्हते. तीच होती. अंगात तिचाच राखाडी स्वेटर, केसांना तोच चिमटा. हात मांडीवर ठेवून, थोडी पुढे झुकून ती आईकडे बघत होती. चेहरा मात्र... चेहरा तिचाच होता, पण आरशात रोज दिसायचा तो नव्हे. डोळ्यांखाली वर्तुळं नव्हती. नीट झोप झालेल्या बाईचा तो चेहरा होता.

तिने स्वतःची समजूत घातली. असल्या वेबसाइट्स न दिसणाऱ्या जागा अंदाजाने भरून काढतात, हे तिनेच सदरातून सांगितलं होतं. फोनमध्ये तिचे इतर फोटो असतील, त्यातला चेहरा उचलला असेल. पण तिने तर त्या वेबसाइटला तो एकच फोटो दिला होता. यावर विचार करायला डोकं ताजं हवं. तिचं नव्हतं. तिने दुसरा फोटो शोधून पाठवला, लेखातून वेबसाइटचा पत्ता काढून टाकला आणि आईला वळवायला उठली.

आई आधीच वळलेली होती.

सकाळी तिने आईला डाव्या कुशीवर केलं होतं. आता आई उजव्या कुशीवर होती. पाठीमागे उशी नीट खोचलेली, दोन्ही गुडघ्यांमध्ये दुसरी उशी, अगदी हवी तशी. आईला स्वतःहून कूस बदलता येत नसे. घराला आतून कडी होती.

“आई,” ती हळूच म्हणाली. “तुला कुणी वळवलं?”

आईने एक डोळा उघडला. बराच वेळ ओठ हलत राहिले.

“तूच... मघाशी.”

केलं असेल, तिला वाटलं. थकलेला माणूस काय करतो ते त्यालाच आठवत नाही. मागे एकदा मिठाऐवजी साबणाची पूड डब्यात भरून ठेवली होती, तेही आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती पुन्हा दारात उभी राहिली. कोपरं बरगड्यांना चिकटवली, श्वास सोडला आणि फोटो काढला. साध्या डोळ्यांना खुर्ची रिकामी दिसत होती. वेबसाइटने उजळून दिलेल्या फोटोत खुर्ची पलंगाला टेकली होती आणि तिच्यात बसलेल्या बाईचा हात आईच्या मानेखाली होता. दुसऱ्या हातात फीडिंग कप होता. आईचे डोळे उघडे होते आणि ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती. आई हसत होती.

ती धावत आत गेली. खुर्ची भिंतीशी होती, रिकामी. तिने वेतावर हात टेकवला. वेत कोमट होता. स्टुलावरचा कप रिकामा होता, आणि आईच्या हनुवटीवर दुधाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. ती स्वतः भरवायची तेव्हा गळ्याखालचा टॉवेल रोज भिजायचा.

“आई... कोण येतं इथे?”

आईने डोळे मिटून घेतले. “दुपारची,” ती म्हणाली.

घाबरलेल्या माणसाने शेजाऱ्यांना बोलवावं, भावाला फोन करावा, निदान दिवा तरी लावावा. तिने यातलं काही केलं नाही. आईचं सगळं झालेलं होतं. वळवून झालं होतं, भरवून झालं होतं, चादरही कोरडी होती. पुढच्या गजरापर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि असं तीन वर्षांत कधी घडलं नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत येऊन सोफ्याच्या कडेवर बसली. मग आडवी झाली. भीती जागच्या जागी होती, छातीत धडधडत होती, आणि त्या धडधडीसकट तिला झोप लागली.

जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. ती धडपडत आत गेली. आईचं अंग पुसलेलं होतं, नखं कापलेली होती. पांढऱ्या केसांची घट्ट, नीटस वेणी घातलेली होती. आईला वेणी फार आवडायची. झटक्यानंतर तिने आईचे केस कधी विंचरले नव्हते, चिमट्याने वर बांधून टाकायची. तिने ती वेणी हातात घेतली आणि उभ्या उभ्या रडू लागली.

त्यानंतर तिने ते चालू दिलं. आपण काय चालू देतोय, हा विचार यायचा, नाही असं नाही. पण दुपारचं जेवण झालं की आईच्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि सोफ्यावर पडायची. आत मधूनच खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. पाणी ओतल्याचा यायचा. एखाद्या घरात दुसरं माणूस वावरत असल्याचे असतात तसे साधे आवाज, आणि त्या आवाजांवर तिला झोप यायची. लहानपणी आईच्या भांड्यांच्या आवाजावर यायची, तशी.

नवल एवढंच की थकवा जाईना. झोप वाढत गेली तसा तोही वाढला. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबली. उठल्यावर हात जड असायचे आणि त्यांना आईच्या पावडरीचा वास यायचा, झोपेआधी साबणाने धुतलेले असले तरी. यातून तिने एक अर्थ काढला आणि त्याला ती चिकटून बसली. आपणच झोपेत उठून सगळं करत असणार. लोक झोपेत चालतात, जिने उतरतात, तसंच हे. दोन पाळ्या करणारं शरीर थकणार नाही तर काय.

खात्री करून घेणं तिच्या हातातलं होतं. घरात कुणी नसताना जुना फोन पहाऱ्याला कसा बसवावा, यावर तिने लेखच लिहिला होता. तिने एक जुना फोन आईच्या कपाटावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि नेहमीसारखी झोपली.

संध्याकाळी तिने ते लावून पाहिलं. चित्र नुसतं काळं होतं. पलंगाची कड तेवढी कळत होती. आवाज स्वच्छ होता. बराच वेळ आईचा श्वास ऐकू येत राहिला. मग खुर्ची सरकली.

“आलीस?” आई म्हणाली.

तिने रेकॉर्डिंग मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. हा आवाज तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता. झटक्याआधीचा आवाज, शब्द न शब्द धडधाकट.

“झोपलीये ती,” आई म्हणत होती. “आत्ताच डोळा लागलाय... नको, उठवू नकोस.” मग थोडी शांतता, समोरचं माणूस बोलत असताना आपण ठेवतो तेवढी. बोलणं मात्र कुणाचं ऐकू येत नव्हतं. “अगं, तिचाही काही दोष नाही. जीव विटलाय तिचा. हात लावते ना, तेव्हा कळतं मला. तुझा हात हलका आहे.”

पुन्हा शांतता. पाणी ओतल्याचा आवाज. आई गालातल्या गालात हसली.

“सोडेल की जागा. जागेपणी नाही सोडायची, हट्टी आहे लहानपणापासून. झोपली की सोडते... थोडं थोडं.”

पुढचं तिला ऐकवलं नाही.

हात लावते तेव्हा कळतं. तिला आठवत राहिलं, आईला वळवताना आपण कशी ओढतो, कसा सुस्कारा टाकतो, भरवताना चमचा दातांवर कसा आपटतो. यात खोटं काहीच नव्हतं. आणि आईला ते कळत होतं, रोज, आणि सांगायला शब्द नव्हते. तिला शब्द मिळाले ते दुसरीजवळ.

त्या दिवसापासून तिने झोपायचं नाही असं ठरवलं. पडदे उघडले. उजेडाने आई कण्हू लागली, म्हणून पुन्हा ओढले. ती स्वतः वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि दुपारभर तिथून हलली नाही. कुणी आलं नाही. फक्त आईने तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांशी नेला की मान वळवायची. दुधाचा घोट घेईना, पाण्याचा घेईना. ती हलक्या हाताने करू बघायची, गोड बोलायची, केस विंचरायची. वेणी तिच्याकडून सैल पडायची, सुटून जायची. आई तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायची, कुणाची तरी वाट बघावी तशी. डोळ्यांत राग नव्हता. पाहुण्याने उठावं आणि जावं, म्हणून घरचं माणूस बघतं ना, तसं ते बघणं होतं.

आईची गालफडं बसली. मग तिने भावाला फोन केला आणि पहिल्यांदाच म्हणाली, “ये रे. मला होत नाही.”

भाऊ आला आणि दारातच थबकला. “ताई, काय करून घेतलंयस स्वतःचं?” मग तो आत आईजवळ गेला, बराच वेळ बसला, डॉक्टरांशी बोलला. रात्री त्याने तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाला, “आईला मी नेतो. आमच्याकडे खोली आहे, बाई ठेवू. तू महिनाभर नुसती झोप.”

तिला पुष्कळ सांगायचं होतं. फोटो तिने केव्हाच पुसून टाकले होते, रेकॉर्डिंगही. ती वेबसाइट दाखवावी म्हटलं तर पान उघडेना. आणि सांगणार तरी काय? शेवटी एवढंच म्हणाली, “दुपारची तिला एकटी ठेवू नकोस.”

“नाही ठेवणार,” तो म्हणाला. त्याला वाटलं, काळजीने म्हणतेय.

रुग्णवाहिका आली. आईला स्ट्रेचरवर घेताना तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, जमेल तितका हलका. आईने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. “नीज,” आई म्हणाली. किंवा तिला तसं ऐकू आलं.

त्या रिकाम्या घरात ती झोपली. गजर नाही, वळवणं नाही. किती दिवस झोपली याचा तिने हिशेब ठेवला नाही. मधे उठून पाणी प्यायची, ब्रेडचा एखादा तुकडा खायची आणि पुन्हा पडायची. संपादकाचे फोन येऊन गेले असतील. भावाचे मात्र यायचे बंद झाले होते, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. रोज विचारणारा माणूस, आणि आईला नेल्यापासून एकदाही ‘ताई, बरी आहेस ना’ नाही.

दुपार होती. सोफ्यावर पडल्या पडल्याच तिने त्याचा नंबर लावला. हात उचलायला वेळ लागला.

“हॅलो?” भावाचा आवाज. मागे घरातली गडबड, मुलांचे आवाज, भांडी.

तिने बोलायचा प्रयत्न केला. जीभ जड झाली होती, तोंडाची एक बाजू उचलत नव्हती. “मी...” एवढंच निघालं, तेही घोगरं.

“हॅलो? कोण बोलतंय?” तो म्हणाला. मग काळजीपूर्वक, परक्याशी बोलतात तसं, “अहो, हा नंबर माझ्या ताईचा आहे. तिचा फोन तुम्हाला कुठे सापडला?”

“मी... ता...”

“नीट ऐकू येत नाहीये. ताई इथेच आहे माझ्याकडे, आईपाठोपाठ आली ती. प्रवासात फोन हरवला म्हणाली. आपण कोण बोलताय? फोन कुठून घ्यायचा तेवढं सांगता का?”

पलीकडून आईचा आवाज आला, खणखणीत. “कुणाचा रे फोन?”

“कळत नाहीये, आई. कुणीतरी बाई आहे. ताई, जरा बघतेस का, तुझ्या नंबरवरून आहे.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी कानाशी, अगदी जवळ, शांतपणे श्वास घेतला. ताज्या, झोप झालेल्या माणसाचा श्वास. ती बाई काही बोलली नाही. ऐकत राहिली. पलंगावर कूस बदलून देताना आजारी माणसाकडे लक्ष ठेवतात, तितक्या मायेने ऐकत राहिली.

आणि सोफ्यावर पडलेल्या तिच्या पाठीखाली, तिने काही न करता, कुणीतरी हलकेच उशी खोचली.